बैलाचे दात, माणसाचे दात

आमच्याकडे बैल विकत घेताना प्रथम त्याचे तोंड उघडतात. सांगोल्याच्या जनावरांच्या बाजाराला मी लहानपणापासून वडिलांबरोबर जात आलो आहे. खिलार खोंडाची शिंगे कितीही डौलदार असोत, वशिंड कितीही भरलेले असो, दात पाहिल्याशिवाय तेथे कोणी व्यवहाराची गोष्ट काढत नाही. वडील एका हाताने जनावर धरतात, दुसऱ्या हाताने त्याचा खालचा ओठ ओढतात आणि एका नजरेत सांगतात: आदत, दुसा, चौसा किंवा जुळला. गुरांना समोरचे दात फक्त खालच्या जबड्यात असतात, आणि ते आठ. अडीच वर्षांच्या सुमारास दुधाचे दोन पडून त्या जागी मोठे दोन येतात. मग चार, मग सहा, आणि पाचाच्या आतबाहेर आठही जुळतात. म्हणून विकणारा वय काहीही सांगो, घेणारा दातांवर विश्वास ठेवतो.

गेल्या वर्षी अशाच एका बाजाराहून परतताना आम्ही एस. टी. स्टँडवर भडंग घेतली. वडिलांनी दोन घास खाल्ले आणि पुडी माझ्याकडे सरकवली. म्हणाले, "तू खा. मला कडक लागतंय." त्यांचे वय ४६ वर्षांचे आहे. त्या दिवशी त्यांनी दहा-बारा जनावरांची तोंडे उघडून पाहिली होती. परंतु त्यांचे स्वतःचे तोंड ४६ वर्षांत एकदाही कोणी उघडून पाहिले नव्हते. ही गोष्ट त्या क्षणी माझ्या ध्यानात आली आणि तेव्हापासून ती मनातून गेली नाही. या लेखाचे कारण तेच.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. दात दुखण्यापूर्वी ते कोणा जाणत्याने पाहिले पाहिजेत, ठरावीक काळाने पाहिले पाहिजेत आणि गरज असेल तेथे ते नीट साफ करून घेतले पाहिजेत. ही श्रीमंतांची हौस नव्हे. उलट ज्यांच्या खिशात कमी पैसे आहेत त्यांना तर ही गोष्ट अधिक आवश्यक आहे. हे ऐकून काही मित्र हसतील याची मला कल्पना आहे. वार्षिकांकात प्रेमावर लिहावे, दुष्काळावर लिहावे, बेकारीवर लिहावे. दातांवर काय लिहायचे? परंतु ज्या भाषेत आपण दातओठ खातो, दाताच्या कण्या करतो, ज्या भाषेत गरिबाजवळ दातावर मारायलाही पैसा नसतो, त्या भाषेच्या विद्यार्थ्याने दातांवर चार शब्द लिहिले तर ते अगदीच गैर ठरू नये.

प्रथम माझाच गुन्हा कबूल करतो. प्रथम वर्षाच्या परीक्षेच्या तोंडावर माझी खालची दाढ दुखू लागली. पहिल्या रात्री लवंग धरली, दुसऱ्या रात्री तुरटीच्या पाण्याच्या गुळण्या केल्या, तिसऱ्या दिवशी औषधाच्या दुकानातून गोळी आणली. पाचव्या रात्री वसतिगृहाच्या व्हरांड्यात गाल धरून येरझाऱ्या घातल्या. इतिहासाचा पेपर मी अर्धा लिहिला आणि उठून आलो. दुसऱ्या दिवशी दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो, तेव्हा त्यांनी आरशात ती दाढ दाखवली आणि विचारले, "हे दोन वर्षांपूर्वी काय दिसत होते, सांगू? एवढासा काळा ठिपका. तेव्हा आला असतास तर अर्ध्या तासात सिमेंट भरून मोकळा झाला असतास." मी म्हटले, "तेव्हा दुखत नव्हते." त्या म्हणाल्या, "तोच तर घोटाळा आहे."

तो घोटाळा समजून घेण्यासारखा आहे. दाताचे बाहेरचे कवच, ज्याला इनॅमल म्हणतात, हा आपल्या शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ. हाडापेक्षाही कठीण. परंतु त्यात ना नस, ना रक्त, ना जिवंत पेशी. नस नाही म्हणून ते किडताना दुखत नाही. पेशी नाहीत म्हणून एकदा त्यात खड्डा पडला की तो आपोआप भरून येत नाही. मोडलेले हाड सांधते, कापलेले बोट भरून येते. इनॅमलचे तसे नाही. कीड कवच ओलांडून आतल्या थरात शिरते आणि अखेर नसेपर्यंत पोचते, तेव्हा कोठे आपण जागे होतो. म्हणजे कळ ही दुखण्याची सुरुवात आहे असे आपण समजतो, पण बहुधा ती त्याची अखेरची पायरी असते.

हिरड्यांचेही तसेच. हॉलंडमधील डेल्फ्ट गावात लेव्हेनहूक नावाचा कापडाचा एक व्यापारी होता. विद्यापीठाचे तोंड त्याने पाहिले नव्हते, परंतु स्वतः भिंगे घासून त्याने असे सूक्ष्मदर्शक बनवले की भल्याभल्या पंडितांनी त्याच्या पत्रांची वाट पाहावी. १६८३ साली त्याने आपल्याच दातांच्या फटीतील पांढरा मळ भिंगाखाली ठेवला आणि त्यात वळवळणारे असंख्य जीव पाहून तो थक्क झाला. तसे त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले. गंमत अशी की हा गृहस्थ रोज मिठाने दात घासत असे. आपण स्वच्छ आहोत असे त्यालाही वाटतच होते.

तो पांढरा मळ म्हणजे जंतूंचा चिकट थर. रोज नीट घासला तर तो निघतो. परंतु ज्या कोपऱ्यात ब्रश पोचत नाही तेथे तो राहतो, लाळेतील क्षार त्यावर बसतात आणि काही दिवसांतच तो दगडासारखा घट्ट होतो. याला कीटण म्हणतात. खालच्या समोरच्या दातांच्या मागे जीभ फिरवून पाहा. अनेकांना तेथे खरखरीत लागेल. तेथे लाळेच्या ग्रंथी उघडतात, म्हणून कीटण तेथे लवकर साचते. एकदा ते जमले की ब्रशने निघत नाही, मिठाने निघत नाही, राखुंडीने तर नाहीच. त्याच्या खडबडीत पाठीवर नवा मळ चढतो, हिरडी सुजते, घासताना रक्त येते. येथपर्यंत आजार परतवता येतो. याच्या पुढे मात्र हिरडी दातापासून सुटते, आतले हाड झिजू लागते, आणि झिजलेले हाड पुन्हा पहिल्यासारखे होत नाही. हे सारे बहुधा न दुखता घडते. न किडलेला, धड दिसणारा दात एक दिवस हलू लागतो आणि आपण म्हणतो, वय झाले.

माझ्या वडिलांचे नेमके हेच झाले होते. मी त्यांना घेऊन गेलो तेव्हा चार दात राखण्यापलीकडे गेले होते. ते काढावे लागले. बाकीच्यांवरचे कीटण काढले. आता ते भाकरी दुधात कुस्करून खात नाहीत, एवढे मी समाधानाने सांगू शकतो. शेंगदाणे मात्र अजून कुटून लागतात. दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण मी शाळेत वाक्यात उपयोग करण्यासाठी पाठ केली होती. तिचा खरा अर्थ मला त्या दिवशी घरात कळला. गेल्या वर्षी आमच्या रानात शेंग चांगली आली होती.

येथे एका गैरसमजाबद्दल बोलले पाहिजे, कारण तो आमच्या गावात घरोघर आहे आणि आपल्या महाविद्यालयातही तो मला भेटला. "मशीनने दात साफ केले की दात हलतात," असे लोक सांगतात. डॉक्टरांकडील यंत्राचे टोक सेकंदाला पंचवीस-तीस हजार वेळा थरथरते आणि सोबत पाण्याचा फवारा असतो. त्या थरथरीने कीटण सुटून पडते. दात खरवडला जात नाही. मग दात हलल्यासारखे का वाटतात? खुंटीभोवतीची माती वाहून गेली आणि कोणी तेथे दगडगोटे रचून ठेवले, तर खुंटी घट्ट आहे असे वाटते. दगड काढले की ती हलते. दोष दगड काढणाऱ्याचा की माती जाऊ देणाऱ्याचा? दात मोकळे वाटतात, थंड पाणी काही दिवस झोंबते, हे खरे. परंतु त्याचे कारण आधीच झालेली झीज हे आहे. ज्याची हिरडी अजून सुटलेली नाही, त्याला हा अनुभव सहसा येतही नाही. म्हणजे या गैरसमजाने माणूस उशिरा जातो, उशिरा गेल्यामुळे त्याला त्रास होतो आणि त्या त्रासामुळे गैरसमज आणखी पक्का होतो.

दुसरा आक्षेप आमच्या आजीचा. "आम्ही कडुनिंबाची काडी चावली, आमचं काय बिघडलं?" आजीचे म्हणणे पूर्णपणे चुकीचे नाही. चरकसंहितेत तुरट, तिखट वा कडू चवीच्या काडीने दिवसातून दोन वेळा दात घासावेत आणि हिरड्यांना इजा होऊ देऊ नये, असा उपदेश आहे. आपल्यापैकी कितीजण रात्री दात घासतात? परंतु आजीला मी नम्रपणे एकच विचारले: "मग तुझे दात कोठे आहेत?" दात नसलेल्या तोंडासाठी आपल्या भाषेत 'बोळके' असा खास शब्द आहे आणि आपण तो कौतुकाने वापरतो. बोळके हे म्हातारपणाचे भूषण आहे असे आपण ठरवून टाकले आहे. ते पुष्कळदा टाळता येणाऱ्या आजाराचे फळ असते, हे आपल्याला कोणी सांगितले नाही. शिवाय आजीच्या लहानपणी साखर सणासुदीला मिळे. आज एस. टी.च्या प्रत्येक थांब्यावर बिस्किटे आणि थंड पेयाच्या बाटल्या टांगलेल्या असतात. काडी तीच राहिली तरी खाणे ते राहिलेले नाही.

तिसरा आक्षेप अधिक विचार करण्यासारखा आहे. तो आमच्याच वर्गातील एका मित्राने घेतला. "दर सहा महिन्यांनी या, हा डॉक्टरांचा धंदा आहे," असे तो म्हणाला. मी शोध घेतला तेव्हा कळले की त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. इंग्लंडमधील 'नाइस' या संस्थेने २००४ सालीच सांगितले की सर्वांना सहा महिने हा एकच नियम लावू नये. प्रौढ माणसाला धोका किती हे पाहून तीन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत अंतर ठरवावे. 'कॉक्रेन' या संस्थेने २०१८ साली उपलब्ध प्रयोगांचा आढावा घेतला. ज्यांच्या हिरड्या बऱ्यापैकी आहेत आणि जे नेमाने डॉक्टरांकडे जातात, त्यांचे दात दर सहा वा बारा महिन्यांनी साफ केल्याने दोन-तीन वर्षांत हिरड्यांच्या सुजेत फारसा फरक पडत नाही, असा निष्कर्ष निघाला. हे मी लपवत नाही. परंतु त्या वाक्यातील अट पाहा: जे नेमाने डॉक्टरांकडे जातात. तो हिशेब त्यांचा आहे. ज्यांच्या तोंडात आजवर आरसाच गेला नाही, ज्यांच्या घरात मशेरी आहे, तंबाखू आहे, मधुमेह आहे, त्यांना त्या निष्कर्षाच्या आड लपता येणार नाही. मधुमेह आणि हिरड्यांचा आजार तर एकमेकांना बळ देतात. म्हणून माझा आग्रह सहा महिन्यांचा नाही. पुन्हा कधी यायचे हे डॉक्टरांनी आपले तोंड पाहून सांगावे. मात्र ते सांगण्यासाठी एकदा तरी तोंड पाहिले जावे, इतकाच माझा आग्रह आहे.

मशेरीचा उल्लेख आला म्हणून सांगतो. तव्यावर तंबाखू भाजून त्याची पूड करतात आणि सकाळी ती दातांना लावतात. माझी आई ती दात घासण्यासाठी लावते असे मी लहानपणी समजत होतो. तीही तसेच समजत होती. ते दात घासणे नव्हे. ते तंबाखूचे व्यसन आहे, फक्त त्याला स्वच्छतेचे नाव आहे. त्याने हिरड्या खाली सरकतात, आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. पुरुषाने चौकात तंबाखू मळली तर निदान लोक त्याला व्यसन म्हणतात. बाईची मशेरी मात्र चुलीपाशी, कोणाच्या नजरेस न येता चालते आणि तिला कोणी काही म्हणत नाही, कारण तिच्या तोंडाकडे कोणी पाहतच नाही. आईने अजून मशेरी पूर्ण सोडलेली नाही. दोन वेळांची एक वेळ झाली आहे. मी खोटे यश सांगणार नाही.

आणि आपण शिकलेले तरी काय वेगळे करतो? महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. तरीही महाविद्यालयाच्या कुंपणाबाहेर पुड्यांचा सडा असतो आणि मावा तर हातावर मळूनच मिळतो. सुपारी आणि तंबाखूने गालाची आतली कातडी ताठ होत जाते आणि तोंड उघडेनासे होते. त्याची एक सोपी खूण डॉक्टरीणबाईंनी मला सांगितली: आपलीच तीन बोटे एकावर एक धरून उभी तोंडात गेली पाहिजेत. जिमखान्यात आम्ही सातआठ जणांनी थट्टेने हा प्रयोग केला. एकाची दोनच गेली. सगळे हसले, तोही हसला. मग हळूहळू सगळे गप्प झाले. तो आमच्यातला सर्वांत चांगला कबड्डीपटू आहे. तो अद्याप डॉक्टरांकडे गेलेला नाही. हा अंक त्याच्या हाती पडेल तेव्हा तरी त्याने जावे. मी सोबत येईन.

राहिला प्रश्न पैशाचा. खासगी दवाखान्यात दात साफ करायला साधारण पाचशे ते पंधराशे रुपये लागतात. नस काढून दाढ वाचवायची आणि वर टोपी बसवायची तर खर्च कित्येक हजारांत जातो. माझ्या दाढेला वडिलांची कांद्याची एक पट्टी गेली. शिवाय बुडालेला रोजगार आणि बुडालेला पेपर वेगळाच. याउलट मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. खासगी दंत महाविद्यालयांतही शिकणारी मुले अध्यापकांच्या देखरेखीखाली अल्प दरात उपचार करतात. तेथे वेळ जातो हे खरे. पण आपण एक दिवस तेथे घालवावा की पाच रात्री व्हरांड्यात, हे ज्याचे त्याने ठरवावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे जगात सुमारे साडेतीन अब्ज लोकांना तोंडाचा कोणता ना कोणता आजार आहे. म्हणजे जवळजवळ निम्मे जग. तेव्हा यात लाजण्यासारखे काही नाही.

आता एक सूचना मांडतो. आपल्या महाविद्यालयात प्रवेशाच्या वर्षी आरोग्य तपासणी होते. उंची मोजतात, वजन करतात, छाती फुगवायला सांगतात. तोंड मात्र कोणी उघडायला सांगत नाही. त्या तपासणीत दातांचे डॉक्टर असावेत, एवढी माझी प्राचार्यांना आणि प्राध्यापक वर्गाला नम्र विनंती आहे. दंत महाविद्यालयांची पथके गावोगाव तपासणी शिबिरे घेत असतात. आपण पत्र पाठवले तर ती आपल्याकडेही येऊ शकतील. राष्ट्रीय सेवा योजनेचे आपले हिवाळी शिबिर दत्तक गावात भरते. तेथे आपण रस्ता करतो, गटार खोदतो, ते चांगलेच आहे. सात दिवसांतील एक सकाळ गावच्या बायाबापड्यांच्या दातांसाठी द्यावी. त्याला फावडे लागत नाही. चांगला उजेड, एक आरसा आणि एक जाणता माणूस पुरतो.

शेवटी एक घरगुती गोष्ट सांगून थांबतो. दिवाळीच्या सुट्टीत वडिलांना पुन्हा दाखवायला न्यायचे होते. निघताना ते म्हणाले, "माझं काय ऱ्हायलंय आता बघायचं? हिला घे." ही म्हणजे माझी धाकटी बहीण, चौथीत आहे. मोठ्या माणसाची पहिली दाढ सहाव्या वर्षीच दुधाच्या दातांच्या मागे गुपचूप येते, कोणताही दात न पाडता, म्हणून घरचे तिला दुधाचीच समजतात आणि किडली तरी 'पडेल' म्हणून सोडून देतात. बहिणीच्या दोन दाढांवर असे काळे ठिपके निघाले. वीस मिनिटांत दोन्ही भरून झाले. परतताना एस. टी.त तिने भडंगाची पुडी मागितली आणि वडिलांनी ती घेऊन दिली. तिला काही दुखत नव्हते. काही दुखत नसताना दातांच्या दवाखान्यात गेलेली आमच्या घरातील ती पहिलीच.